घरघंटी, वॉरंटी आणि जॉबशीटवरची सही

घरघंटीची मोटर वॉरंटीच्या काळात बिघडली आणि कंपनीने ‘व्यावसायिक वापर’ म्हणून हात वर केले, तर त्या भांडणाचा निकाल बहुतेक वेळा सर्व्हिसवाला घरात असतो त्या अर्ध्या तासातच लागतो. म्हणून तयारी तो यायच्या आधी करा. मागच्या खेपेला मी जॉबशीट, म्हणजे सर्व्हिसवाला भरतो तो कामाचा कागद, न वाचता सही केली आणि बाकीची नीटनेटकी फाइल कुचकामी ठरली.

बिल आणि वॉरंटी कार्ड लागतंच. मात्र बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. गृहउद्योगाच्या नावावर जीएसटी नंबर टाकून मशीन घेतलं असेल, तर ‘घरगुती’ म्हणणं जड जाईल. सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटो आजच काढा, पुसून पुसून ती पुसट होते. वीजबिलही जोडा, त्यावर घरगुती दर लागल्याचं छापलेलं असतं.

वाढीव वॉरंटी वेगळे पैसे देऊन घेतली असेल तर ती बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीची निघते आणि तिच्या अटीही वेगळ्या असतात. खरेदीच्या दिवशीच्या अटी शोधा, आज वेबसाइटवर दिसतात त्या नव्हेत. त्यात ‘व्यावसायिक’ म्हणजे काय ते लिहिलंय का? पैसे घेऊन दळण, की ठरावीक किलोंच्या वर? काहीच लिहिलं नसेल तर तोच तुमचा मुद्दा. ब्लेड आणि जाळ्यांवरून वाद घालू नका, त्या सहसा वगळलेल्याच असतात.

शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून किलोमागे पैसे घेत असाल तर मात्र खोटं बोलू नका. भिंतीवरच्या दरपत्रकाचा फोटो नंतर समोर येतो.

आता बिघाड. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा अनेकदा कंडेन्सर (मोटर सुरू करायला लागणारा छोटा सुटा भाग) गेलेला असतो. त्याला ‘मोटर जळली’ लिहू देऊ नका. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, खरंच जळलं असेल तर कारण विचारा. दमट धान्याने जाळी बुजते, पीठ आत तुंबतं, मोटरवर लोड येऊन वाइंडिंग तापतं. हे आठवड्याला चार किलो दळणाऱ्या घरातही होतं. पण मग कंपनी ‘चुकीचा वापर’ हे कलम काढते. ते भांडण वेगळं, दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

आणि जॉबशीट. सही करण्याआधी शेऱ्याचा रकाना वाचा. तिथे बारीक अक्षरात ‘कमर्शियल यूज’ खरडलेलं असतं आणि तुमच्या सहीने ते तुम्ही मान्य केल्यासारखं होतं. शेरा चुकीचा असेल तर त्याखाली स्वतःच्या हाताने लिहा: ‘मान्य नाही. घरगुती वापर, आठवड्याला अमुक किलो.’ तारीख घाला, मग सही. दोन्ही बाजूंचे फोटो तो दारात असतानाच काढा. कागद नसून मोबाइलवर असेल तर स्क्रीन दाखवायला सांगा. ओटीपी शेवटी. तो दिला की तक्रार ‘निकाली’ दिसते. घाई त्याला असते, तुम्हाला नाही. वाचल्याशिवाय सही नाही, सहीआधी ओटीपी नाही.

पुढचं थोडक्यात. कंपनीला ईमेल करा, नकार लेखी मागा. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे नाही जमलं तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग, तोही तुम्ही राहता तिथला. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच मशीन घेतलं असेल तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही ग्राहकच. खरेदी व्यावसायिक हेतूने झाली हे सिद्ध करणं समोरच्याचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये म्हटलंय. पण त्याने फक्त आयोगाचं दार उघडतं. वॉरंटीतली अट तशीच उभी असते.

जुनी मोटर भंगारात देऊ नका. तक्रार क्रमांक, ईमेल, फोटो एका पाकिटात. सगळ्यात वर जॉबशीट, मागची बाजूही.