गाडी उचलत नाही म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करताय? या चुका टाळा

गाडीचा पिकअप गेला असं म्हटलं की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून बघ, तेच इंजिनला दाबून ठेवतं." सल्ला अर्धा खरा आहे, घोळ तिथेच होतो.

ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर कमी करतं, पण चाक घसरत असेल तेव्हाच. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. इंजिनची ताकद मिळणारं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं, की ते जागच्या जागी गरगरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं. मग तो इंजिनचा जोर उतरवतो, किंवा त्या एकाच चाकाला ब्रेक लावतो, कधी दोन्ही करतो. पकड परत आली की बाजूला होतो. एक्स्प्रेसवेच्या कोरड्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना गाडी दम टाकत असेल, तर त्यात याचा हात जवळपास नसतोच. बटण दाबून पिकअप मिळणार नाही. उलट बऱ्याच गाड्यांत त्याच बटणाने ईएसपीही ढिलं पडतं, म्हणजे ओल्या वळणावर गाडी सावरणारी यंत्रणाच जाते.

आधी डॅशबोर्डवरचा दिवा बघा. गाडीच्या चित्रामागे नागमोडी रेघा, तोच हा दिवा. लुकलुकत असेल तर यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे. हा बिघाड नव्हे. दिवा स्थिर जळत राहिला तर एक तर कोणी बटण दाबून ती बंद केली आहे, नाहीतर खरंच दोष आहे.

चढावर ॲक्सिलरेटर दाबत राहणं

पावसाळ्यात घाटात किंवा कोकणातल्या शेवाळलेल्या चढावर गाडी थांबवून पुन्हा निघताना ही चूक सर्रास होते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ताकद पुढच्या चाकांना मिळते. चढावर वजन मागे सरकतं, पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि ती घसरायला लागतात. ट्रॅक्शन कंट्रोल जोर काढून घेतं, गाडी मेल्यासारखी वाटते. मग माणूस घाबरून ॲक्सिलरेटर आणखी दाबतो, चाक आणखी घसरतं, जोर आणखी कापला जातो. इथे पाय थोडा उचलायचा असतो. स्टिअरिंग सरळ ठेवा, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा, चाकांना पकड घेऊ द्या. दुसऱ्या गिअरमध्ये निघायची युक्ती सपाट चिखलात ठीक. तीव्र चढावर तिने क्लच प्लेट जळते.

बटण बंद करण्याची योग्य वेळ एकच: गाडी वाळूत किंवा खोल चिखलात रुतली आहे, दोन्ही चाकं खाली जातायत आणि जोरच मिळत नाहीये. तेव्हा थोडं गरगरणं उपयोगाचं असतं. बाहेर निघालात की लगेच चालू करा. पण एकच चाक खड्ड्यात अधांतरी असेल तर बटणाला हात लावू नका. त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो म्हणूनच ताकद जमिनीवरच्या चाकाकडे जाते.

खरं कारण न शोधणं

आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, वर जळका वास येतो, तर क्लच घसरतोय. गाडी न्यूट्रलमध्येही मोकळी पळत नाही, तर ब्रेक चिकटलाय का बघा. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमजवळ तळवा न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथे कॅलिपर (चाकाचा ब्रेक आवळणारा भाग) अडकला असण्याची दाट शक्यता. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे फार होतं. (आणि हो, अर्धवट ओढलेला हँडब्रेक. हसू नका, तपासा.) टर्बो गाडीत नवी शिट्टी ऐकू येत असेल किंवा डिझेल गाडी एकदम काळा धूर सोडत असेल तर टर्बोच्या हवेचा पाइप फाटलाय का हे आधी बघायला सांगा. एअर फिल्टर तर स्वतःच उघडून बघता येतो.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 डिझेल गाड्यांची आणखी एक व्यथा म्हणजे धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ. रोज शहरातच चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो तापत नाही, काजळी जळत नाही. दिवा लागूनही दुर्लक्ष केलं, तर कॉम्प्युटर इंजिनची ताकदच बांधून ठेवतो. दिवा लागल्या लागल्या मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवली तर बहुतेकदा काम भागतं.

काही सुस्ती हा दोषच नसतो. सीएनजीवर तीच गाडी पेट्रोलपेक्षा मंदच उचलते. बिनटर्बोचं इंजिन दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर आहे. तिथे पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन गाडी कुरकुरली तर गॅरेज गाठू नका. इको मोड चालू राहिलाय का, तेवढं बघा.

दोन दिवे एकदम लागले की एबीएसवर खर्च करणं

इंजिनचा आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा एकत्र लागला तर संशय आधी इंजिनवर घ्या. इंजिनात मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) किंवा थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दोष आला की कित्येक गाड्यांत कॉम्प्युटर ट्रॅक्शन कंट्रोलही बंद करतो, कारण त्याला जोर नेमका कमी-जास्त करण्याची खात्री उरत नाही. खरा दोष इग्निशन कॉइलचा (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या भागाचा) असतो आणि बिल चाकाच्या सेन्सरचं येतं. फक्त ट्रॅक्शन आणि एबीएसचे दिवे लागले असतील तर मात्र चाकाचा सेन्सर, त्याची वायर आणि त्यावरचा चिखल बघा. वेगळ्या मापाचे टायर घातले असतील तर तेही सांगा, कारण चाकांचे वेग जुळेनासे होतात.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोषाचे कोड वाचणारं यंत्र) बहुधा इंजिनचेच कोड वाचतो, एबीएसचे नाही. "कोड काहीच नाही" या उत्तरावर थांबू नका. एबीएस वाचणारं यंत्र लावायला सांगा आणि कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.