पुण्याबाहेर राहायला जायचंय? गाव कसं निवडावं

“तळेगाव बरं की वाघोली?” हा प्रश्न पुण्यात कोणालाही विचारा. ज्याचं घर जिथे, तो तेच गाव सुचवतो. बिल्डरच्या माणसाला विचारलं तर सगळीच गावं शिवाजीनगरपासून चाळीस मिनिटांवर असतात. त्यामुळे सल्ले गोळा करण्यापेक्षा स्वतः तपासलेलं बरं, आणि तपासण्याचा क्रम नेहमीच्या उलट ठेवावा. आधी ये-जा, मग पाणी, मग कागद. सँपल फ्लॅटची गॅलरी सगळ्यात शेवटी.

१. आधी घरातली ऑफिसं मांडा

कागदावर घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं ऑफिस लिहा. कॉलेजला जाणारी मुलंही धरा. पुण्याला मुंबईसारखी एकच दिशा नाही. हिंजवडी पश्चिमेला, खराडी पूर्वेला, चाकण उत्तरेला, सरकारी कचेऱ्या आणि कोर्ट मध्यावर.

खराडी किंवा मगरपट्ट्यात नोकरी असेल तर वाघोली, लोहगाव, मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन या बाजूला बघा. चाकण-भोसरीत काम असेल तर मोशी, आळंदी, राजगुरुनगर. हिंजवडीवाल्यांनी मारुंजी, नेरे, गहुंजे, थोडं लांब चालत असेल तर तळेगाव. कात्रज-स्वारगेटकडे जाणाऱ्यांना खेड शिवापूर, नसरापूरचा पट्टा आहे. हडपसर-कोंढव्याला सासवड जवळ पडतं, पण मधे घाट आहे. स्टेशन, कॅम्प, शिवाजीनगर असेल तर लोणावळा लोकलचा पट्टा सोडून दुसरीकडे बघूच नका, असं माझं मत.

नवरा हिंजवडीला आणि बायको खराडीला असेल तर बाहेरचं कुठलंही गाव दोघांना सोयीचं होणार नाही. एकाला रोज अख्खं शहर ओलांडावंच लागेल. अशांनी खडकी-दापोडीच्या आसपास लहान घर भाड्यानं घेऊन मधोमध राहावं. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

२. वेळ मोजा, किलोमीटर नको

साइट व्हिजिट रविवारी सकाळी का ठेवतात, हे वेगळं सांगायला नको. रविवारी सकाळी वाघोलीहून विमाननगर चुटकीसरशी येतं. तुम्ही मात्र मंगळवारी किंवा बुधवारी, ऑफिस सुटायच्या वेळेला, ऑफिसच्या दारातून निघून त्या गावात जा. शक्यतो पावसात. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटा प्रवास करून बघा.

अडकायच्या जागा सगळ्यांना पाठ आहेत: भूमकर चौक, नवले पूल, वाघोलीतला नगर रस्ता, तळेगाव-चाकण रस्ता, दिवे घाट. २०२२ च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला जुना पूल पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला. चौक मोकळा झाला, पण गाड्यांची रांग नाहीशी झाली नाही, ती पुढे सरकली. तुमच्या वाटेवर अशा दोन जागा असतील तर तिसरा पर्याय शोधा. एकच असेल तर तिला वळसा आहे का बघा. तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलर आडवा झाला की वळसा शोधण्यातच संध्याकाळ जाते.

वर्षातले ठरलेले दिवसही धरा. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोर-यवतवरून. त्या दिवशी ते रस्ते तुमचे नसतात. शुक्रवारी संध्याकाळी सातारा रस्त्यावर आणि पावसाळी शनिवारी लोणावळ्याकडे काय होतं, ते वेगळं सांगत नाही.

मग हिशोब करा. एका बाजूचं अंतर ३० किलोमीटर आणि महिन्याला २२ दिवस धरले तर १,३२० किलोमीटर होतात. लिटरला ४५ देणाऱ्या दुचाकीला २९-३० लिटर, म्हणजे तीन हजारांच्या वर. लिटरला १५ देणाऱ्या पेट्रोल गाडीला ८८ लिटर, म्हणजे नऊ हजारांच्या वर, टोल वेगळा. खेड शिवापूर आणि सोमाटणे इथे टोलनाके आहेत, स्थानिकांना काय सवलत मिळते ते तिथेच विचारून घ्या. एका बाजूला दीड तास लागत असेल तर महिन्याचे ६६ तास रस्त्यावर जातात. शहरातल्या आणि बाहेरच्या घराच्या हप्त्यात जो फरक दिसतो, त्यातून हे वजा करा. बऱ्याच वेळा स्वस्त घर तितकंसं स्वस्त उरत नाही.

३. रूळ जवळ असतील तर आधी तिकडे बघा

पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून चालते आणि अजूनही या सगळ्यात सगळ्यात खात्रीची ये-जा तीच आहे. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत या स्टेशनांवरून पासधारक रोज येतात. तळेगावहून पुणे स्टेशन तासाच्या आत येतं. पुणे स्टेशनला उतरून मेट्रोनं रुबी हॉल, कल्याणीनगर, रामवाडीकडे जाता येतं, शिवाजीनगरलाही मेट्रो आहे. दापोडी, कासारवाडी, पिंपरीला लोकल आणि मेट्रो एकमेकांच्या जवळून जातात, म्हणजे मधेच बदलता येतं.

गैरसोय एकच, पण मोठी: गाड्या मुंबईसारख्या पाच-पाच मिनिटांनी नाहीत. दुपारी तर फारच विरळ. एक चुकली की पुढच्या गाडीपर्यंत चहा, वडापाव आणि ओळखी होतात. शिफ्टची नोकरी असेल तर चालू वेळापत्रक समोर ठेवून, तुमची शिफ्ट सुटल्यावर कुठली गाडी मिळते ते बघा. रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, हे तर आधी.

दौंडच्या बाजूला मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव ही स्टेशनं आहेत. गाड्या लोणावळा बाजूपेक्षा कमी, पण हडपसरकडे जाणाऱ्यांनी विचार करण्यासारखा पट्टा आहे.

घर स्टेशनपासून किती लांब, ते चालून बघा. तळेगावात स्टेशन भाग वेगळा आणि जुनं गाव वेगळं. शिवाय तळेगाव म्हणून विकलेलं घर प्रत्यक्षात वराळ्यात किंवा सोमाटण्यात निघतं. जागा वाईट नाही, पण स्टेशनपर्यंत रिक्षा किंवा स्कूटर लागणारच. स्टेशनवर गाडी लावायला जागा मिळते का, तेही सकाळी आठ वाजता बघा, दुपारी नको.

४. पाणी

इथे घाई करू नका. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी बुद्रुक त्यातलीच. गाव पालिकेत गेलं म्हणजे नळाला पाणी आलं, असं मात्र नाही. “पालिकेचं कनेक्शन आहे” या वाक्यावर थांबू नका. कनेक्शन असतं, पाणी किती वेळ असतं?

ते असं शोधायचं. मार्च ते मे या काळात सकाळी सातच्या सुमारास त्या सोसायटीच्या गेटवर जा. टँकर येत असतील तर तेव्हाच दिसतील, पाइप टाकीत सोडलेला आणि मागचा रस्ता ओला. वॉचमनच्या केबिनमध्ये टँकरची वही असते: तारीख, गाडी नंबर, वेळ, सही. वॉचमनशी दोन शब्द नीट बोललात तर तो ती वही दाखवतो. एप्रिलची पानं बघा आणि ऑक्टोबरची बघा. मग एखाद्या रहिवाशाला मेंटेनन्सची पावती दाखवायला सांगा. ‘पाणी शुल्क’ अशी वेगळी ओळ असेल तर टँकरचे पैसे तिथे आहेत.

आकडा किती फुगतो बघा. माणशी रोज १३५ लिटर हे पाण्याचं नेहमीचं माप. चौघांच्या घराला ५४० लिटर, म्हणजे १०० फ्लॅटच्या सोसायटीला दिवसाला ५४,००० लिटर. नळ कोरडा असेल तर दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर रोज.

पाणी येतं का, याच्याइतकंच ते कुठून येतं हेही विचारा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या किरकटवाडी-नांदेड भागात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला आणि पालिकेनं पाणी शुद्ध करून विकणाऱ्या काही खासगी आरओ केंद्रांना टाळं लावलं. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मीटरनं मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा आकडा चांगला मानतात. मीटर फक्त क्षार सांगतो, जंतू नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो. बाथरूमच्या नळांवर पांढरा थर दिसला की गीझरची कॉइल किती दिवस टिकेल, ते कळतंच.

५. गावाचा कारभार कोणाकडे

महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत की ग्रामपंचायत, एवढं विचारून घ्या. तळेगाव दाभाडे, चाकण, सासवड, राजगुरुनगर या नगरपरिषदा. मारुंजी, माण अजून ग्रामपंचायती, तिथली बांधकाम परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). ग्रामपंचायतीत घरपट्टी कमी, आणि कचरा-ड्रेनेजचा भार बहुतेक सोसायटीवरच. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही.

६. कागद

नवी स्कीम असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडच्या नोंदणीचा, नंबर घ्या. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन करा आणि ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेली ते बघा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. “येतंय” हे उत्तर चालत नाही.

प्लॉटवाल्यांनी दुप्पट सावध राहावं. ‘एक गुंठा, रस्ता, लाईट, फक्त अमुक लाख’ असे फलक शिरूरपासून मुळशीपर्यंत आहेत. ४० गुंठ्यांचा एक एकर. असा एकर तुकडे करून विकलेला असतो आणि सातबारा सगळ्यांचा सामाईक, त्यावर वीस-पंचवीस नावं. तुमचा गुंठा नेमका कुठला, हे त्या सातबाऱ्यावर लिहिलेलंच नसतं. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही, पुढे विकायचा म्हटलं की वांदे. जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद आणि मंजूर लेआउट हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका.

नदीकाठी घर असेल तर पूररेषा बघाच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले गेले. लोक त्यात राहत होते. देहूरोड, दिघी परिसरात लष्कराचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला पट्टा, आहे, तिथेही विकायला घरं सापडतात.

७. ‘होणार आहे’चे पैसे देऊ नका

रिंग रोड होणार, पुरंदरला विमानतळ होणार, मेट्रो दारात येणार. होईलही. पुण्याची मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली आणि स्वारगेटला पोचायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला, पण पोचली. प्रश्न इतकाच की तुमचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. आज आहे त्या रस्त्यानं आणि आज आहे त्या बसनं जमतंय का, एवढंच बघा. पुढे मेट्रो आली तर फायदा तुमचाच.

८. उरलेलं

शाळेची बस तिथवर येते का. रात्री दोनला चालू असलेलं हॉस्पिटल किती लांब. घरात म्हातारी माणसं असतील तर हा प्रश्न पहिल्या पायरीवर घ्या. गुरुवारी, दुरुस्तीच्या दिवशी, लाईट किती तास जाते आणि लिफ्टला बॅकअप आहे का. इंटरनेट कुठल्या कंपनीचं येतं, हे बिल्डरला नाही, शेजाऱ्याला विचारा.

९. आधी भाड्यानं राहा

दोन गावांपर्यंत यादी आली की त्यातल्या आवडत्या गावात ११ महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहा, शक्य असेल तर त्याच सोसायटीत. करार जूनपासून सुरू करा, म्हणजे पावसाळ्यातला रस्ता आधी कळतो आणि संपता संपता एप्रिलचं पाणीही. मे उजाडला की मालक वाढीव भाड्याचं बोलायला येईल, तोवर तुमचं ठरलेलं असेल. एक महिन्याच्या नोटिशीची अट मात्र दोन्ही बाजूंनी लिहून घ्या. जुलैमध्येच कळलं की हे जमणार नाही, तर डिपॉझिट अडकायला नको.