मेमरी कार्ड वापरताना या चुका टाळा

कार्ड खराब झालं आणि फोटो गेले, असं सांगत लोक माझ्याकडे येतात. विचारपूस केली की बहुतेक वेळा कळतं, कार्डाने त्रास दिला तेव्हा फोटो आत शाबूत होते. ते गेले त्यानंतरच्या अर्ध्या तासात, घाईच्या हातांनी.

कार्ड एरर दिसली की फॉरमॅट करणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि दर लग्नसराईत ती कुणीतरी करतंच. लग्नाची कामं नुकतीच घ्यायला लागलेला एक मुलगा असाच आला होता. सकाळच्या हळदीपासून संध्याकाळपर्यंत सगळं एकाच १२८ जीबीच्या कार्डावर. रिसेप्शन सुरू होताना कॅमेऱ्यावर एरर आली, फॉरमॅट करू का असं कॅमेऱ्याने विचारलं, आणि स्टेजसमोर पाहुणे खोळंबलेले म्हणून याने ‘हो’ दाबलं. इथपर्यंतही बरंचसं वाचलं असतं. साध्या फॉरमॅटमध्ये फोटो पुसले जात नाहीत, कुठली फाइल कुठे आहे ही नोंद तेवढी पुसली जाते. खरा घात पुढे झाला. कार्ड नीट चालतंय ना हे बघायला त्याने त्यावरच लांबलचक व्हिडिओ घेतला आणि मग रिसेप्शनही त्याच कार्डावर काढलं.

फॉरमॅटनंतर नवा डेटा साधारणपणे कार्डाच्या सुरुवातीपासून भरत जातो. सुरुवातीला काय होतं? हळद. दुपारनंतरचे बरेच फोटो परत मिळाले, पण हळदीचा एकही नाही. नवरीच्या आजीला मुहूर्ताच्या गर्दीत नेलं नव्हतं, त्यांचे फोटो फक्त हळदीतच होते. त्या घरी काय सांगायचं, हे त्या मुलाला मी सांगू शकलो नाही.

माझी सवय सांगतो. कार्डाने जरा जरी कुरकुर केली की ते कॅमेऱ्यातून बाहेर, कार्डाच्या कडेची लॉकची खिटी खाली, वर कागदी टेपचा तुकडा, आणि बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात. पुढचं काम दुसऱ्या कार्डावर. घरी आल्यावर कॉम्प्युटर ‘दुरुस्त करू का’ विचारतो, त्यालाही नाही म्हणायचं, कारण दुरुस्ती म्हणजे कार्डावर लिहिणंच. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढतो आणि त्या प्रतीवर फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवतो. ते मोफत आहे. फाइलींची मूळ नावं बहुधा परत येत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत साठलेले व्हिडिओ पुष्कळदा अर्धवट मिळतात. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, त्याच कार्डावर कधीही नाही. आणि हे सगळं साध्या फॉरमॅटपुरतं. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असतं, त्याने डेटाच पुसला जातो. ते दाबलंत तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

स्वस्तातलं कार्ड न तपासता कामाला लावणं

बनावट कार्डाची फसवणूक वरून दिसत नाही. आत चिप ८ जीबीची असते, पण कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला, १२८ सांगायला शिकवलेलं असतं. कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोघेही विश्वास ठेवतात. खरी जागा संपल्यावरही फाइलींची नावं दिसत राहतात, आत मात्र काही नसतं, किंवा नवा डेटा जुन्यावर चढत जातो. म्हणून नवीन कार्ड कुठूनही घेतलं तरी मी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून, परत वाचून बघतो. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफ३ आहे. मोठ्या कार्डाला दोन-तीन तास जातात, आणि ‘एवढा वेळ कुणाला आहे’ हे वाक्य ऐकून मला खरंच वैताग येतो. रात्री लावून झोपा. ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९.६ च्या आसपास दिसतं, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. ती फसवणूक नाही.

मोठा आकडा बघून वेग ठरवणं

कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० हा बहुधा वाचण्याचा कमाल वेग असतो. व्हिडिओला लागतो न थांबता लिहिण्याचा वेग, आणि त्याची हमी छोट्या अक्षरांत असते: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०. कॅमेरा मात्र मेगाबिटमध्ये बोलतो, म्हणून त्याच्या आकड्याला ८ ने भागा. १०० मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला १२.५ मेगाबाइट पुरतात, तिथे व्ही३० भरपूर झालं. ४०० मेगाबिटला ५० लागतात, तिथे व्ही६० घ्या.

बाकीच्या

लाल दिवा लुकलुकत असताना कार्डाचं झाकण उघडू नका.

कॉपी झाल्यावर लगेच कार्ड रिकामं करू नका. दोन ठिकाणी प्रत होईपर्यंत आणि चार-दोन फाइली उघडून बघेपर्यंत ते तसंच ठेवा. नंतर फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. लॅपटॉपवर एकेक फाइल डिलीट करत बसू नका.

दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीवर एकाच वेळी फोटो जाऊ द्या. दुसऱ्या कार्डाचे पैसे वाचवून लग्नाची ऑर्डर घेणाऱ्यांचं मला समर्थन करता येत नाही.

लॉकची खिटी हे कुलूप नाही. ती कुठे आहे हे यंत्र बघतं आणि पाळतं, इतकंच. फोटो खोडले जाऊ नयेत म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबू नका.

सीसीटीव्ही आणि गाडीच्या डॅशकॅममध्ये जुनं, उरलेलं कार्ड टाकू नका. तिथे रात्रंदिवस लिहिणं चालतं आणि फ्लॅश मेमरीच्या लिहिण्याला मर्यादा असते. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या आणि महिन्यातून एकदा रेकॉर्डिंग उघडून बघा. अपघात झाल्यावर बघायला जाल तेव्हा ते कधीच बंद पडलेलं असू शकतं.