प्लगची वायर काढायला कोणती पक्कड घ्यावी?

इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग नवे टाकले आणि गाडी आधीपेक्षा जास्त मिसिंग करायला, म्हणजे झटके खायला लागली, अशी तक्रार आली की मी प्लगला हातच लावत नाही. आधी वायरी बघतो. बहुतेक वेळा एखाद्या बुटावर, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपणावर, साध्या पकडीच्या दातांचे व्रण असतात, नाहीतर वायर वरून ठणठणीत आणि आतून तुटलेली.

गाड्यांच्या बऱ्याच प्लग वायरींत तांब्याची तार नसतेच. काचेच्या धाग्यांत कार्बन मुरवलेला गाभा असतो, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. त्याला ताण सोसत नाही. वायर धरून हिसडा मारला की गाभा टोकाच्या धातूच्या टोपीपासून सुटतो आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. तेव्हा अवजार कुठलंही घ्या, त्याने रबरी बूट धरला पाहिजे. वायर धरणारं अवजार फुकट मिळालं तरी नको.

हात पोचत असेल तर अवजार लागतही नाही. इंजिन थंड होऊ द्या, बूट मुठीत धरून पाव फेरा डावीकडे, पाव फेरा उजवीकडे फिरवा. उष्णतेने रबर प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनला चिकटून बसलेलं असतं; ते सुटलं की बूट हाताला हलका लागतो. मग सरळ रेषेत ओढा, तिरकं नाही.

हात जात नाही तिथे प्लग वायरीची खास पक्कड. तिच्या तोंडाला दोन अर्धगोल वाट्या असतात. घेताना मूठ पूर्ण आवळून बघा. वाट्यांच्या मध्ये गोल पोकळी उरली पाहिजे. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटत असतील तर ती बूट चिरडणार. वाट्यांवरचं रबरी आवरण नखाने सरकतंय का तेही बघा. सरकत असेल तर फिरवताना ते आवरणच फिरेल, बूट जागेवर. आणि तोंड वाकडं असलेलीच घ्या. सरळ तोंडाची पक्कड एक्झॉस्टच्या पाइपांना अडते आणि माणूस मग कोनात ओढायला लागतो.

मुठीवर प्लास्टिक आहे म्हणून चालू इंजिनवर वायर काढायची हौस मात्र नको. तिथे वीस-वीस हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त विजेचा दाब असतो.

काही इंजिनांत बुटावर पत्र्याची नळी असते, एक्झॉस्टची धग लागू नये म्हणून. तिच्यावरून वाट्या घसरतात. इथे दोन बोटांचं चपटं काट्यासारखं अवजार नळीच्या काठाखाली घालून उचलायचं. त्याच्या कडा गुळगुळीत हव्यात. स्क्रू ड्रायव्हरने तेच काम करायला जाल तर पोर्सेलिनला केसाएवढी चीर पडते आणि ठिणगी आत पडायची ती त्या चिरेतून बाहेर पळते.

प्लग इंजिनातल्या खोल, विहिरीसारख्या भोकात असेल तर पकडीचा उपयोग नाही. बुटाच्या वरच्या रुंद कडेखाली अडकणारा, टी आकाराच्या मुठीचा आकडा घ्या. ज्यांत वायरच नाही, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल बसलेली आहे, तिथे आधी कॉइलला जोडलेलं विजेचं सॉकेट सोडा, बोल्ट काढा, मग कॉइल थोडी फिरवून वर घ्या. सॉकेटचा प्लास्टिकचा खटका जुना असला की कडक होऊन तुटतो, तिथे घाई नको.

एका वेळी एकच वायर काढा. सगळ्या काढायच्याच असतील तर चिकटपट्टीवर सिलिंडरचा नंबर लिहून लावा, नाहीतर फायरिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी तो क्रम, जुळवत बसाल. प्रत्येक बूट निघाला की त्याच्या आत डोकवा. प्लगच्या टोकाची छोटी नट कधीकधी आतच अडकून येते. बसवताना बुटाच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवा आणि टक् आवाज येईपर्यंत दाबा.

इतकं करूनही एखादा बूट हलत नसेल आणि वायरी बदलायच्याच असतील, तर त्याला ब्लेडने उभी चीर द्या आणि सोलून काढा. प्लग वाचतो.