नोकरी सांभाळून पुन्हा पदवी: विषयाआधी तास मोजा

पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा शिकायचं म्हटलं की माणूस आधी विषय शोधतो. आधी आठवड्याचे तास मोजावेत. तीन वर्षांच्या पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात आणि इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास, म्हणजे एकूण 3,600 तास. आठवड्याला 12 तास काढले तर पावणेसहा वर्षं जातात, आणि अशा पदवीला मुदत सहसा सहा वर्षांचीच असते. त्यामुळे 12 हा तळ धरा. काही विषय कमी तासांत उरकतात, पण त्या भरवशावर प्रवेश घेऊ नये.

नेहमीच्या कॉलेजात 75 टक्के हजेरी लागते. गोव्यात साखळी किंवा खांडोळा गावचं सरकारी कॉलेज घराजवळ असलं तरी वर्ग दिवसाचे. पाळीत काम करणाऱ्याचं तिथे जमत नाही. म्हणून बहुतेकांना दूरशिक्षणच परवडतं. इग्नूत वयाची अट नाही, प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात.

अडतं ते कागदांवर. दूरशिक्षणाच्या अर्जासाठी डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, त्याआधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक), आणि तो आधारवरच्या नावाने निघतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर अर्ज तिथेच थांबतो. विवाहनोंदणीचा दाखला आणि नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र हाताशी ठेवा. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात हे करायला गेलात तर सत्र हातचं जाईल. बारावी अर्धवट असेल तर आधी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून ती पूर्ण करा.

कॉलेज मध्येच सोडलेल्यांनी जुन्या गुणपत्रिका शोधून काढाव्यात. जुनी वर्षं धरली जातील की नाही हे तोंडी ऐकून घरी येऊ नका, लेखी घ्या. गोवा विद्यापीठ 1985 सालचं. त्याआधी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे त्या काळातल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, मिळायची नाही.

पुढचा घोळ इग्नूतल्या असाइनमेंटचा, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांचा. साधारण 30 टक्के गुण त्यांचे, 70 टक्के सत्रांत परीक्षेचे, आणि पदवीला दोन्हीकडे वेगवेगळे किमान 35 टक्के हवेत. लेखी परीक्षेत 60 मिळाले तरी असाइनमेंटविना विषय अपूर्णच राहतो. प्रश्नसंच तुमच्या सत्राचाच उतरवा. मागच्या वर्षीचा सोडवला तर सगळी मेहनत वाया. उत्तरं स्वतःच्या हस्ताक्षरात आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. प्रत्येक विषयाचा गठ्ठा वेगळा बांधा, जमा केल्याची पोचपावती घ्या आणि निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.

पुढच्या वर्षाची नोंदणी आणि परीक्षेचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शुल्कही वेगळं. एकाचे पैसे भरून दुसरं झालं असं समजणारे दर सत्रात निघतात.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. इथे गोव्याचं वेळापत्रक लक्षात घ्यावं लागतं. हॉटेलात किंवा टॅक्सीवर काम असेल तर डिसेंबर हा धंद्याचा महिना, रजा मिळणं कठीण. मग जास्तीत जास्त पेपर जूनला घ्या. पावसाळा लागलेला असतो, धंदा मंदावलेला असतो. डिसेंबरसाठी फारतर एक-दोन सोपे विषय ठेवा. पेपर सत्रांत असे वाटून घेता येतात, फक्त एकूण मुदतीवर नजर ठेवा. डिसेंबरच्या असाइनमेंट मात्र चवथीआधी लिहून संपवा. गणपतीचे दिवस, पाहुणे, माटोळी, भजनं यांत पंधरवडा निघून जातो, आणि त्यानंतर शेवटच्या तारखेला फार दिवस उरत नाहीत. बोटीवर जाणाऱ्यांनी करार संपण्याची तारीख आणि परीक्षेची तारीख एकाच कागदावर मांडून मगच प्रवेशाचं सत्र ठरवावं.