डेस्कटॉप सुरू होत नाही? दुकानात नेण्याआधी हे तपासा

बटण दाबल्यावर काहीच झालं नाही, की पंखा फिरला पण स्क्रीन काळीच राहिली? कॅबिनेट उघडण्याआधी एवढं नीट बघून घ्या. दोन्ही तक्रारींना आपण 'कॉम्प्युटर चालू होत नाही' असंच म्हणतो, पण पहिलीत बहुधा वीजच पोचत नसते आणि दुसरीत वीज पोचूनही आतला एखादा भाग साथ देत नसतो.

काहीच हालचाल नसेल तर

ज्या सॉकेटला कॉम्प्युटर लावलाय तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. स्पाइक बस्टर मधून काढा आणि सीपीयूची केबल थेट भिंतीत लावा. मग कॅबिनेटच्या मागे हात घाला. तिथे एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, छोटं बटण असतं. उभ्या रेघेची बाजू दाबलेली असेल तर चालू, गोलाची असेल तर बंद. दिवाळीच्या साफसफाईत फडकं लागून हे बटण बंद झालेलं मी कितीदा तरी पाहिलंय. जुन्या एसएमपीएसवर 115 आणि 230 लिहिलेला लाल खटका असतो. आपल्याकडे तो 230 वरच हवा, त्याला हात लावू नका.

एवढ्यानं झालं नाही तर केबल काढा, समोरचं बटण 30 सेकंद दाबून धरा आणि केबल पुन्हा लावून बघा.

कधी कधी समोरचं बटणच खराब झालेलं असतं. केबल काढून ठेवा. मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाच्या, कोपऱ्यात बारीक वायरींचा जुडगा असतो, त्यातली पॉवर स्विचची वायर काढून तिच्या जागी रिसेटची लावा. आता केबल लावून रिसेट दाबल्यावर मशीन सुरू झालं तर बिघाड फक्त बटणाचा आहे.

तरीही सामसूम असेल तर संशय एसएमपीएसवर. तो मात्र कधीही खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) जीवघेणा भार राहतो. ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस लावून बघणं हा सगळ्यात बरा मार्ग.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

मॉनिटरचा दिवा बघा, केबल दोन्ही टोकांना घट्ट करा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

यानंतर रॅम. माझ्या अनुभवात काळ्या स्क्रीनचं कारण बहुतेक वेळा इथंच सापडतं, आणि पावसाळ्यात तर हमखास. दमट हवेत आठ-पंधरा दिवस मशीन बंद राहिलं की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर धरतो आणि स्लॉटशी संपर्क तुटतो. शेजारच्या काकांना एका दुकानात कॅबिनेट न उघडताच 'मदरबोर्ड गेला' म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन रॅम खोडरबरनं पुसली आणि मशीन सुरू झालं. म्हणून ही पायरी घाई न करता करा.

केबल काढा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. स्लॉटच्या क्लिपा बाहेर ढकला, रॅम कडेला धरून सरळ वर ओढा. पांढऱ्या, मऊ खोडरबरनं सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासा. काळपट कण निघतात. ते कोरड्या ब्रशनं झटका, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. परत बसवताना रॅमची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर जुळवा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा, स्लॉटही बदला. डीडीआर5 रॅम असेल तर पहिल्यांदा चित्र यायला काही मिनिटं लागू शकतात, तेवढा वेळ मध्येच बंद करू नका.

फरक पडला नाही तर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा पॉवर कनेक्टर बघा. तो निसटला तर पंखे फिरतात, पण प्रोसेसर उपाशी राहतो. मग मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, बहुधा सीआर2032, केबल काढलेली असताना बाहेर काढा आणि पाच मिनिटांनी परत बसवा. बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, सेटिंग मूळपदावर येतं. सेल जुना असेल तर नवाच घाला.

बीप वाजत असतील तर मोजा आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत अर्थ बघा. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. नव्या बोर्डांवर सीपीयू (इथे प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज सुरू होणं) असे बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, अडचण तिथे.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं सुरू झालं ते कळणार नाही.

जळका वास, डोकं फुगलेले कपॅसिटर किंवा प्लग लावताच घरचा एमसीबी पडणं, यातलं काही दिसलं तर तिथेच थांबा. दुकानात फक्त सीपीयू न्या, काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून द्या आणि तुमच्यासमोर कॅबिनेट उघडायला सांगा. विंडोज पुन्हा टाकायचा विषय निघाला तर आधी फाइल्सची कॉपी काढून मागा. वर लिहिलेल्या कुठल्याच बिघाडासाठी हार्ड डिस्क पुसावी लागत नाही.