जुना बसून चालवायचा लॉनमोवर परत चालू करायचाय? पार्टचं नाव नको, माप घेऊन जा

मंगल कार्यालयाच्या शेडात नाहीतर कुणाच्या फार्महाऊसवर ताडपत्रीखाली असलं एखादं मशीन हमखास पडलेलं असतं. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पाऊस एकदा लागला की गवत काय थांबत नाही, म्हणून कुणीतरी हौसेनं सेकंडहॅन्ड आणलेलं, दोन-चार सीझन चाललं, मग बेल्ट तुटला, दुकानदार म्हणाला ह्याचं पार्ट येत नाही, झालं, बसलं ते शेडात. भंगारवाला वजनावर न्यायला तयारच असतो. त्याला द्यायच्या आधी एकदा उघडून तरी बघा की.

कंपनीच्या नावानं पार्ट विचारत फिरलात तर हात हलवत परत याल, हे आधीच सांगतो. मोवर करणाऱ्या अमेरिकेतल्या मरे कंपनीचं २००४ मध्ये दिवाळं निघालं, टेकमसेनं २००८ मध्ये इंजिनं करायचीच बंद केली, आता "ओरिजनल द्या" म्हटलं तर दुकानदार तरी कुठनं आणणार? पण खोलून बघितलं की कळतं, निम्म्याहून जास्त माल हा स्टँडर्ड मापाचा असतो, बेरिंग, ऑइल सील, बेल्ट, केबल. राहिलेल्यातलं बरंच बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत किंवा मच्छेला, लेथवर करून मिळतं. बाहेरनं मागवायलाच पाहिजेत अशा वस्तू मोजक्याच, आणि त्या कुठल्या हे कळणं हेच खरं काम.

सुरुवात इंजिनापासनं. प्लगची वायर काढून बाजूला बांधा, मगच खाली हात घाला, सेल्फची बॅटरी मेलेली असली तरी. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन असेल तर वरच्या पत्र्यावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर ठोकलेले असतात, मळ काढून फोटो घ्या. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे साल, ८४ नं सुरू झाला तर १९८४ चं. हे बघायचं कारण असं की १९८२ पासनं त्यांनी मॅग्नेट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं, त्याच्या आधीच्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉईंट आणि कंडेन्सर असतो. पॉईंटवालं निघालं तर घाबरू नका, जुन्या स्कूटर-लुनाचं काम केलेला मिस्त्री शोधा, त्याला हे डोळे झाकून येतंय. पॉईंटचा गॅप २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर. कॉईल आणि फ्लायव्हीलच्या लोहचुंबकातलं अंतर १० ते १४ थाऊ, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवा, चुंबकाला कॉईल ओढून घेऊ द्या, बोल्ट आवळा, कार्ड ओढून काढा.

कॉम्प्रेशन गेज लावून आकडा कमी आला म्हणून इंजिन गेलं असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. सेल्फवर भार येऊ नये म्हणून ह्या इंजिनात व्हॉल्व्ह मुद्दाम थोडा उघडा राहायची सोय असते, त्यामुळं गेज फसवतंय. त्यापेक्षा प्लग लावलेला ठेवून, वायर काढलेलीच, फ्लायव्हील हातानं उलट्या दिशेनं झटका देऊन फिरवा. धाडकन मागं उसळी मारली तर रिंग-व्हॉल्व्ह ठीक आहेत, मऊ गेलं तर हेड खोला.

आता फ्लायव्हीलची चावी, इथं जरा थांबतो कारण सगळा घोळ इथंच होतोय. खानापूरकडच्या लाल मातीत जांभ्याचे खडे वर आलेले असतात, पात्याला खडा लागला की इंजिन एकदम आडतं आणि फ्लायव्हील-क्रँकमधली छोटी चावी कातरते. पूर्ण तुटत नाही बऱ्याचदा, मधोमध एक पायरी पडल्यासारखी दिसते, नखानं लागते. तेवढ्यानंच टायमिंग सरकतं, करंट आहे, पेट्रोल आहे, तरी चालू होत नाही, नाहीतर उलटा दणका मारतं. लोक कार्बुरेटर दहा वेळा धुतात आणि ही चावी कुणी बघतच नाही. ही चावी मऊ धातूची असते ती मुद्दाम, धक्का बसला की तिनं तुटावं आणि क्रँक वाचावा म्हणून. टर्नरकडं, म्हणजे लेथवाल्याकडं, गेलात की तो म्हणणारच, "मालक, असली मऊ कशाला, एमएसची, पोलादाची करून देतो की, जन्मात तुटणार नाही." नको म्हणा. चावी तुटली नाही तर दणका क्रँकला बसतो, आणि क्रँक वाकला की मग खरंच भंगार. चावी मागवूनच घ्या, दोन-तीन जास्तीच्या घ्या, पाकिटात मावतात.

पात्याचंही तेच. कमानपट्ट्यातनं करून देतो म्हणणारे लोहार आहेत, फावडं-कोयत्याला त्यांचा हात कोण धरणार नाही, पण हे काम वेगळं. २१ इंची पातं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरलं तर टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो, तिथं तुकडा उडाला तर तो गवतात जाईल का कुणाच्या पायात हे कोण सांगणार. तडा गेलेल्या पात्याला वेल्डिंगही मारू नका. बदली पातं मागवताना टोकापासनं टोकापर्यंतची लांबी, रुंदी, जाडी आणि मधल्या भोकाचा आकार कळवा, गोल आहे का चांदणीसारखं ते नीट बघून. धार लावल्यावर मधल्या भोकात खिळा घालून आडवं धरा, जी बाजू खाली जाते तिकडनं थोडं घासा.

बेअरिंगचा एक खास लोचा आहे. नंबर दिसतो ६२०३, तुम्ही आणता ६२०३, आणि बसत नाही, कारण साधं ६२०३ आतनं १७ मिलिमीटरचं आणि अमेरिकन शाफ्ट ५/८ इंच, म्हणजे १५.८७. बाहेरनं दोन्ही ४० मिलिमीटरच. पातळ बुश मारून बसवतात काही जण, पण इतक्या पातळ बुशचा मला भरवसा नाही. त्यापेक्षा जुना शाफ्ट नमुना म्हणून द्या आणि ईएन-८ पोलादात १७ मिलिमीटरचा नवा करून घ्या, मग आयुष्यभर साधं बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळेल, निपाणीला मिळेल, गडहिंग्लजला मिळेल. घेताना दोन्हीकडं रबर सील असलेलं घ्या, पत्र्याचं नको, ओलं गवत आत जातंय.

टर्नरकडं जाताना एक लक्षात ठेवा, हातात दोनशे पीसची ऑर्डर असलेला माणूस तुमच्या एका पीससाठी मशीन सेट करणार आहे, तेव्हा तोंडानं वर्णन करत बसू नका, कागदावर मापं घालून द्या, तुटका तुकडा बरोबर द्या, आणि "कधी होईल" म्हणून दिवसातनं चार फोन करू नका. मोठ्या युनिटपेक्षा दोन लेथवालं छोटं वर्कशॉप बरं पडतं. बुश गनमेटलचं करायला सांगा.

बोल्टच्या बाबतीत फिटरला सांगून ठेवा की मशीन सुती, म्हणजे इंची मापाचं आहे. अडीच सूत (५/१६ इंच) आणि ८ एमएम शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही, नट दोन आटे जातो आणि मग जड लागतो. तिथं पाना लावून रेटलं की आटे गेले. पात्याचा बोल्ट सुटत नसेल तर पाइप घालून जोर करायच्या आधी तो उलट्या आट्यांचा तर नाही ना ते तपासा.

बेल्ट. अर्धा इंची रुंदीचा असेल तर आपल्याकडचा ए सेक्शन बसतो, पण आपल्याकडं नंबर आतल्या लांबीचा असतो आणि अमेरिकेतला बाहेरच्या, साधारण दोन इंचांचा फरक. म्हणजे तिकडचा ५२ इंची तो आपला ए-५०. तुटका बेल्ट ताणलेला असतो, त्याचं माप धरू नका, टेन्शनर मध्यावर ठेवून पुलींवरनं दोरी फिरवा आणि ती मोजा. चाकांच्या ड्राइव्हला हा चालून जातो, पण डेकचा (खालच्या पात्याच्या पत्र्याच्या खोक्याचा) बेल्ट क्लचसारखा सारखा सैल-घट्ट होतो, तिथं साधा बेल्ट लवकर जळतो, तो जमलं तर मोवरचाच मागवा.

कार्बुरेटरचं पॅकिंग शीट कापून करता येतं, डायफ्राम (आतला पातळ लवचिक पडदा) मात्र नाही, त्याचं किट मागवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलचा पाइप बदलूनच टाका. ऑइल एसएई ३० साधं, ११-१२ हॉर्सपॉवरच्या एका सिलिंडरला साधारण १.४ लिटर लागतं, काठीवर बघूनच भरा.

वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियन करेल, पण तो सीटखालचा स्विच "कटकट आहे, डायरेक्ट करूया" म्हणेल. माणूस उठला की मशीन बंद पडायला पाहिजे म्हणून तो आहे, घरात पोरं असतील तर अजिबात डायरेक्ट करू देऊ नका. स्विच खराब असेल तर नवा घाला, महाग नसतो.

सीझन संपला की टाकी रिकामी करा, चालू ठेवून कार्बुरेटरमधलंही संपू द्या, डेक उलथून चिकटलेलं गवत खरवडा आणि आतनं जुनं ऑइल फासून ठेवा. ओलं गवत तसंच राहिलं तर पुढच्या जूनपर्यंत पत्रा खाऊन टाकतंय, आणि डेकचा पत्रा कापून नवा वेल्ड करणं हे वरच्या सगळ्या कामांपेक्षा महाग पडतं.